घरात बसलेल्या पोरीला ऊन लागलं

मीटरवर आकडा आलाच नाही. इंग्रजीतली दोन अक्षरं आली, एच आणि आय. मी शाळेत गणित शिकवते. मला आकडा हवा होता, आणि ते मशीन मला हाय म्हणत होतं.

"हे काय आहे?" मी नर्सला विचारलं.

"साखर इतकी जास्त आहे की मशीनला मोजता येत नाही," ती म्हणाली आणि "मॅडम, मॅडम" करत आत पळाली.

माझी मुलगी रेणू तेव्हा सात वर्षांची होती. दवाखान्याच्या बाकावर माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती आणि धावून आल्यासारखा श्वास घेत होती. तोंडाला सडक्या फळासारखा गोडसर वास येत होता. तो वास मला सकाळपासून येत होता, पण मी तो पिकत घातलेल्या आंब्यांचा समजले.

डॉक्टर मॅडम बाहेर आल्या. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या किटमध्ये, फक्त डोळे दिसत होते. त्यांनी रेणूची जीभ पाहिली, पोट दाबलं आणि म्हणाल्या, "हिला डायबेटिस आहे. टाइप वन. आणि आत्ता ती डीकेएमध्ये आहे. लगेच आयसीयूत घ्यावं लागेल."

मी म्हणाले, "नाही हो मॅडम, हिला ऊन लागलंय."

"बाहेर गेली होती का?"

"नाही."

"कधीपासून नाही?"

"मार्चपासून."

"मग ऊन कुठून लागलं?"

पहिल्या लॉकडाऊनचा मे महिना होता. रेणूनं दोन महिन्यांत जिना उतरला नव्हता.

आधी शब्द सांगून टाकते, कारण त्या दिवशी ते माझ्या डोक्यावरून गेले होते. टाइप वन डायबेटिस म्हणजे स्वादुपिंडानं इन्सुलिन बनवणं बंद करणं. हा लहान मुलांनाही होतो. गोड खाल्ल्यानं होत नाही, लाड केल्यानं होत नाही. शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते. डीकेए म्हणजे डायबेटिक किटोॲसिडोसिस. इन्सुलिन नसलं की साखर रक्तात नुसती पडून राहते, शरीर उपाशी राहतं आणि चरबी जाळायला लागतं. त्यातून आम्ल तयार होतं. वेळेत उपचार झाले नाहीत तर मूल जातं. मॅडमनी हे एवढ्याच शब्दांत सांगितलं. मला ते बरं वाटलं, गोलगोल बोलणारी माणसं मला सहन होत नाहीत.

नागपूरच्या बाहेरच्या माणसाला माझं उत्तर वेडेपणाचं वाटेल. पण आमच्याकडे मे महिन्यात माणूस सुस्त पडला तर ऊन लागलं. जेवला नाही तर ऊन लागलं. उलटी झाली, डोकं दुखलं, चिडचिड झाली, ऊन लागलं. त्यातून आमचा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर. दुपारी स्लॅब असा तापायचा की पंख्याची हवा अंगाला भाजायची. घरातही ऊन लागतं, असं आम्ही अगदी मनापासून मानत होतो.

घरात आम्ही पाच जण. मी, माझा नवरा प्रशांत, रेणू, तीन वर्षांचा गोलू आणि माझ्या सासूबाई. सासूबाई मूळच्या रामटेकजवळच्या, धानाच्या शेतीतल्या. सासरे गेल्यापासून आमच्याकडे असतात. प्रशांतची कंपनी शहराबाहेर, मिहानच्या आयटी पार्कात. मार्चपासून ती कंपनी आमच्या बेडरूममध्ये आली होती. तो कानाला हेडफोन लावून दार बंद करून बसायचा. मी हॉलमध्ये फोनसमोर सातवीचं बीजगणित शिकवायची. रेणूचा वर्ग स्वयंपाकघरात, सासूबाईंच्या फोनवर. गोलूला वर्ग नव्हता, त्यामुळे तो सगळ्यांच्या वर्गात हजर असायचा. एकदा माझ्या बीजगणितात तो चड्डी न घालता येऊन गेला. पस्तीस मुलांनी पाहिलं, आणि त्या दिवशी एकाचंही नेटवर्क गेलं नव्हतं.

रेणू पाणी फार पिऊ लागली ते एप्रिलच्या शेवटी. मला आनंद झाला. एरवी मी पाणी पी, पाणी पी म्हणून तिच्या मागे लागायची. मग ती वर्गातून सारखी उठू लागली. तिच्या बाईंचा मला मेसेज आला, रेणू लक्ष देत नाही, दर दहा मिनिटांनी बाथरूमला जाते. मी स्वतः शिक्षिका. मुलांची नाटकं मला कळतात असा माझा समज. मी तिला दटावलं. दोनदा तिची गादी ओली झाली. सात वर्षांची घोडी, लाज नाही वाटत, असं मी म्हणाले. हे वाक्य मी लिहून ठेवते, कारण ते मी बोलले होते.

तिचे फ्रॉक सैल झाले. त्या दिवसांत सगळं नागपूर कुकरमध्ये केक करत होतं, सगळ्यांची मुलं घरी बसून गरगरीत झाली होती. आमची बारीक होत होती. उंच होऊन राहिली, असं प्रशांत म्हणाला. त्याच सुमारास सासूबाई एकदा मला म्हणाल्या, "बाथरूममधी मुंग्या लागून राहिल्या वं. रेणू जाते तिथंच लागते." उन्हाळ्यात मुंग्या होतातच, असं म्हणून मी मुंग्यांच्या खडूची रेघ मारली.

तुमच्या घरी लहान मूल असेल तर एवढं लक्षात ठेवा. एकदम वाढलेली तहान, वारंवार लघवी, लघवीच्या जागी मुंग्या, रात्री कोरडं राहणारं मूल पुन्हा गादी ओली करू लागणं, जेवूनही वजन उतरणं. यातलं काहीही ऊन नसतं. बोटाच्या एका थेंबात, मिनिटभरात कळतं.

शेवटच्या दोन दिवसांत ती पडूनच राहिली. पोट दुखतं म्हणाली, उलटी झाली. सासूबाईंनी कैऱ्या उकडून, गूळ घालून पन्हं केलं आणि एक ग्लास दिलं. ते ठीकच झालं असं मला वाटलं. मी घरात होता तो ग्लुकोज पावडरचा डबा काढला. तिच्या पाण्याच्या प्रत्येक बाटलीत तीन मोठे चमचे. ती पाणी मागत होती आणि मी तिला ग्लुकोज देत होते. चार बाटल्या एका दिवसात, पाच दुसऱ्या दिवशी. पोरीला ताकद यावी म्हणून मी हे करत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती हाक मारून उठेना. उठवलं तर माझ्याकडे बघत होती, पण ओळख पटल्यासारखं बघत नव्हती. आम्ही तिला गाडीत घातलं. सासूबाई गोलूला घेऊन घरी थांबल्या. रस्ता मोकळा, दुकानं बंद, चौकाचौकात बांबू आडवे. एका चौकात पोलिसांनी थांबवलं. प्रशांतनं काच खाली केली, "पोरीला ऊन लागलं, साहेब." शिपायानं मागच्या सीटवर पाहिलं, बांबू उचलला आणि मला म्हणाला, "कांदा ठेवला का ताई जवळ?" ठेवला होता, तिच्या फ्रॉकच्या खिशात; कांदा ऊन ओढून घेतो म्हणतात. अख्खं गाव एकाच आजाराचं निदान करत होतं.

दवाखाना धंतोलीतला, लहान मुलांचा. फाटकावर पुन्हा थांबवलं, कारण तिचा श्वास जोरात चालला होता आणि त्या दिवसांत जोराच्या श्वासाचं एकच नाव होतं. नाकातून स्वॅब घेतला. मग नर्सनं बोट टोचलं, आणि मशीन हाय म्हणालं.

आत एकाच पालकाला परवानगी. प्रशांत रस्त्यावर गाडीत बसला. मी आयसीयूच्या दाराशी उभी राहिले आणि त्याला ऐकू जावं म्हणून फोन स्पीकरवर ठेवला. मॅडम कागद घेऊन आल्या. ताप होता का, उलट्या किती, लघवी शेवटची कधी. मग त्यांनी विचारलं, "गेल्या दोन दिवसांत गोड काय काय दिलं? मला खरं खरं हवं, सॅलाइनचं ठरवायचंय."

मी म्हणाले, "सासूबाईंनी गुळाचं पन्हं दिलं."

"किती?"

"बरंच."

मॅडमनी लिहिलं. ग्लुकोजचं मी बोलले नाही. बेरजेतला मोठा आकडा गाळला आणि छोट्याला मोठा केला. का, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. घाबरले होते हे खरं, पण घाबरलेलं माणूस खरंही बोलू शकतं. सासूबाई तिथे नव्हत्या. जो समोर नाही त्याच्यावर ढकलणं सोपं जातं, एवढंच.

मॅडम म्हणाल्या, "पन्ह्यानं हा आजार झालेला नाही, तो आधीपासून होता. पण गोड पाण्यानं हालत लवकर बिघडली." पहिलं वाक्य बोलताना फोनवर आवाज तुटत होता. प्रशांतला फक्त दुसरं ऐकू गेलं.

पहिला दिवस आयसीयूत. इन्सुलिन थेंबाथेंबानं, सॅलाइन हळूहळू. घाई केली तर मेंदूला सूज येते, असं मॅडमनी सांगितलं. दर तासाला बोटातून रक्त. मी काचेबाहेर एका प्लास्टिकच्या खुर्चीवर. काही करण्यासारखं नव्हतं म्हणून मी आकडे लिहीत राहिले. पाचशे ऐंशी. पाचशे दहा. चारशे चाळीस. आकडा आला याचाच मला आधार वाटला. संध्याकाळी मॅडम म्हणाल्या, "अजून काही सांगता येत नाही." मी खुर्चीवर बसून राहिले. देवाला नवस वगैरे केला नाही. मला सुचलाच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेणूनं डोळे उघडून नर्सला विचारलं, "आज माझा क्लास आहे का?" नर्सनं बाहेर येऊन मला हे सांगितलं आणि मी त्या खुर्चीवर हमसून हमसून रडले. मास्क भिजून नाकाला चिकटला, तो काढायचीही सोय नव्हती.

सहा दिवस आम्ही तिथे होतो. शेवटचे तीन दिवस इंजेक्शन द्यायची माझी शिकवणी होती. जेवणाआधी तीनदा एक इन्सुलिन, दिवसातून एकदा दुसरं. रोज, जन्मभर. नर्स म्हणाली, सराव संत्र्यावर करा. संत्र्याच्या गावात मे महिन्यात संत्रं कुठून येणार, तेही लॉकडाऊनमध्ये? मी वांग्यावर शिकले. प्रशांतनं व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि गाडीतच त्याला घेरी आली. त्याला रक्ताचं नाही, सुईचं वावडं आहे. तेव्हाच ठरलं, हे काम माझं.

घरी आलो तेव्हा गोलूनं दारातच विचारलं, "ताई, तुला ऊन मिळालं का?"

सासूबाई आतल्या दारात उभ्या होत्या, पुढे आल्या नाहीत. माझ्या मागे काय झालं ते मला प्रशांतकडूनच कळलं. पहिल्याच दिवशी कपडे न्यायला तो घरी आला होता, तेव्हा आईला म्हणाला होता, "काय गरज होती तुले तिले गूळ पाजायची? डॉक्टर म्हणते त्यानंच बिघडलं." सासूबाईंनी उरलेलं पन्हं मोरीत ओतलं आणि गुळाचा डबा खालच्या वॉचमनला देऊन टाकला.

त्या दिवसापासून त्यांनी रेणूच्या ताटाला हात लावला नाही. पोळ्या त्या करायच्या, भाजी त्या करायच्या, पण वाढायची वेळ आली की बाजूला. रेणू आधी त्यांच्याच हातानं जेवायची. आता म्हणायची, "आजी, भरव ना." त्या म्हणायच्या, "आईले म्हण." तिला बिस्किट हवं असलं तरी आईला विचार. झोपायला गोलू त्यांच्याजवळ, रेणू आमच्याकडे.

मी हे पाहत होते. रोज वाटायचं, आज सांगावं. मग वाटायचं, सगळं जरा बसू दे. पहिल्या महिन्यात साखर दोनदा एकदम खाली गेली. हायपोग्लायसेमिया म्हणतात त्याला. अंग थरथरतं, घाम येतो, मूल असंबद्ध बोलतं. तेव्हा लगेच गोड द्यावं लागतं. मी साखरेचं पाणी घेऊन धावले तेव्हा सासूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवलं नाही. त्या दिवशी तरी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

बाकी आयुष्य सुरू झालं, होतंच ते. एकदा लाइट पाच तास गेले तेव्हा इन्सुलिन मातीच्या मडक्यात, ओल्या कपड्यात ठेवायला शिकलो. शेजारच्या काकूंनी दारात कारल्याचा रस ठेवला, तो प्रशांतनं प्यायला. गोलू रोज सकाळी बोट पुढे करायचा, "माझं पण." मी खोटं खोटं टोचायची आणि म्हणायची, "शंभर." तो खूश. रेणू मात्र मोठी झाली. तिनं सहा महिन्यांत वरणभाताची वाटी बघून कार्बोहायड्रेट सांगायला सुरुवात केली. कार्बोहायड्रेट म्हणजे जेवणातला तो भाग, ज्याची साखर होते. माझ्या सातवीतल्या मुलांना हा हिशेब जमला नसता.

मग पुढचा एप्रिल आला आणि दुसरी लाट.

मला दुपारी ताप भरला. प्रशांतला त्याआधीच खोकला होता. दुसऱ्या दिवशी दोघांचेही रिपोर्ट पॉझिटिव्ह, मुलांचे आणि सासूबाईंचे निगेटिव्ह. मी मॅडमना फोन केला. त्यांचा आवाज बसला होता. त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघंही रेणूपासून लांब राहा. टाइप वनच्या मुलाला ताप आला की साखरही चढते, किटोनही चढतात, तेच ते आम्ल. आणि आत्ता तिच्यासाठी मला नागपुरात एक खाट मिळणार नाही, हे स्पष्ट सांगते. घरात तिसरं कोण आहे?"

"सासूबाई."

"मग त्यांना शिकवा. आजपासून."

आम्ही दोघं बेडरूममध्ये गेलो आणि दार लावून घेतलं. संध्याकाळी साडेसात वाजले. दाराबाहेरून रेणूचा आवाज आला, "आई, माझी साखर दोनशे छत्तीस आहे. मला भूक लागली."

मी दाराशी बसून सासूबाईंना म्हणाले, "आई, इन्सुलिनचं पेन फ्रिजच्या दारात आहे. मी सांगते तसं करा."

"मी नाही करत," सासूबाई म्हणाल्या.

"आई, दुसरं कोणी नाही."

"कोण्या नर्सले बोलव. कम्पाउंडर कोणी असन."

"सगळे कोविडच्या वॉर्डात आहेत. कोणी येणार नाही."

"माह्या हातानं नको वं. माह्या हातानं एकदा झालं तेवढं पुरे झालं. पुन्हा काही झालं तं मी कुठं तोंड दाखवू?"

दाराखालच्या फटीतून मला त्यांची पावलं दिसत होती. शेजारी रेणूची. गोलू मागे कुठेतरी ताट वाजवत होता. इन्सुलिनशिवाय ती जेवू शकत नव्हती, आणि नुसती उपाशी ठेवून साखर उतरणार नव्हती. मला एकशे दोन ताप होता. पण तापात बोलून गेले असं मी म्हणणार नाही, मी शुद्धीवर होते.

"आई, ऐका. पन्हं तुम्ही एकच ग्लास दिलं होतं. ग्लुकोज मी देत होते. दोन दिवस, प्रत्येक बाटलीत. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी फक्त तुमचं नाव सांगितलं. माझं सांगितलं नाही. प्रशांतलाही नाही."

माझ्या मागे पलंगावर प्रशांत खोकत होता. तो खोकायचा थांबला.

दाराखालची पावलं हलली नाहीत.

"वर्ष होऊन राहिलं, मीनल," सासूबाई म्हणाल्या. एरवी त्या मला मीनू म्हणतात. "वर्षभर मी पोट्टीले जवळ नाही घेतलं. तिले वाटे आजी रागावली. मी रोज देवाले विचारू का माह्याच हातानं काहून केलं रे बाप्पा. अन् तू पाहून राहिली होती."

"हो."

"म्हातारीवर ढकललं तं चालते, असं वाटलं तुले?"

"तुम्ही तिथे नव्हत्या म्हणून ढकललं."

"अन् मंग? नंतर काहून नाही सांगतलं?"

"हिंमत झाली नाही."

मी रडत होते आणि खोकत होते. मग दारावर हाताचा एक थपका पडला. थोपटल्याचा नव्हता, रागाचा होता.

"रडून नको राहू. ताप चढन आणखी. रेणू, आण वं ते पेन. मीनल, किती फिरवू, सांग."

मी सांगितलं. आधी पेनाची चकती दोनवर फिरवून हवेत सोडा, थेंब दिसतो का बघा. मग पाच. बाकी रेणूनंच शिकवलं. मला नुसतं ऐकू येत होतं. "आजी, इथे पोटाला चिमूट धर. अशी. सरळ घाल, तिरपी नको. घाबरू नको, मला सवय आहे. आता बटण दाब आणि दहा म्हण."

सासूबाईंनी एक ते दहा मोठ्यानं म्हटलं, शाळेत म्हणतात तसं. गोलूनंही म्हटलं.

"दुखलं का?"

"नाही गं आजी. तू आईपेक्षा हळू देते."

मग बाहेर सासूबाई रडायला लागल्या. खाली फरशीवर बसून, मोठ्यानं. रेणू म्हणत होती, "आजी, मला दुखलं नाही, खरंच दुखलं नाही." दार उघडून त्यांचे पाय धरावेत असं मला वाटत होतं, आणि दार उघडता येत नव्हतं.

सतरा दिवस त्यांनी सगळी इंजेक्शनं दिली. कागदावर आकडे लिहून दाराखालून सरकवायच्या. सकाळी एकशे चाळीस, दुपारी एकशे नव्वद. मी आतून डोस सांगायची. आमचं बोलणं एवढंच. प्रशांत माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. एका खोलीत, एका पलंगावर, दोघांना एकच आजार, आणि ऑक्सिमीटर तो न बोलता माझ्या बोटाला लावायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं आतूनच आईला फोन केला. "आई, माझं चुकलं गा," एवढं म्हणाला आणि पुढे त्याला बोलता येईना. गा गडीमाणसाला म्हणतात, आईला नाही. पण त्या हसल्या नाहीत. "जेव आधी," म्हणाल्या.

आम्ही दोघं वाचलो. आमच्या बिल्डिंगमधली दोन माणसं गेली. यावर मी जास्त लिहीत नाही.

बाहेर आले त्या दिवशी सासूबाई रेणूला वरणभात भरवत होत्या. आठ वर्षांच्या मुलीला. मी पाया पडले. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत आणि डोक्यावर हातही ठेवला नाही. संध्याकाळी मी पेन उचललं तेव्हा म्हणाल्या, "राहू दे. संध्याकाळचं माह्याकडे." मी माफी मागत बसले नाही. ज्यांच्या घरी हे कायमचं आजारपण आलं आहे त्यांना मी दोनच गोष्टी सांगेन. डॉक्टर विचारतील तेव्हा सगळं सांगा, लाजेचंही सांगा. आणि घरातल्या एकाच माणसाला शिकवून थांबू नका, दोघांना शिकवा. आमच्या मॅडमचे आणि वांग्यावर शिकवणाऱ्या त्या नर्सचे उपकार मी शब्दांत सांगू शकत नाही, म्हणून सांगत नाही.

रेणू आता बारा वर्षांची आहे. स्वतःचं इंजेक्शन स्वतः घेते. आजीनं संध्याकाळचं मात्र सोडलं नाही, आणि रेणूनंही तिला सोडू दिलं नाही.

गेल्या महिन्यात आमच्या मॅडम नागपूर सोडून गेल्या, म्हणून आम्ही नव्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण मुलगा. त्यानं कोरा कागद घेतला आणि सुरुवातीपासून सांगायला सांगितलं. मी, रेणू आणि सासूबाई समोर बसलो होतो.

"पहिल्यांदा इतकं कशानं बिघडलं होतं?" त्यानं विचारलं.

"मी ओळखलं नाही," मी म्हणाले. "मला वाटलं ऊन लागलं. दोन दिवस मीच तिला ग्लुकोजचं पाणी देत होते."

तो मान खाली घालून लिहू लागला. तेव्हा सासूबाईंनी टेबलावर बोट ठेवलं.

"डॉक्टरसाहेब, हिचं एकटीचं नाव नका लिहू. घरात आम्ही दोघीबी होतो."